वॉरस्पाइटचं सुकाणू शेवटपर्यंत नीट का झालं नाही?

प्रश्न असा आला आहे: “जटलंडच्या लढाईत ‘वॉरस्पाइट’ या ब्रिटिश युद्धनौकेचं सुकाणू अडकलं आणि तो दोष तिला आयुष्यभर चिकटला, असं वाचलं. एवढं मोठं नौदल असलेल्या देशाला तीस वर्षांत एक सुकाणू दुरुस्त करता आलं नाही का? आणि असा दोष असलेलं जहाज इतक्या लढायांतून वाचलं कसं?”

मी व्यापारी जहाजांवर इंजिनीयर म्हणून ३१ वर्षं काढली. नौदलात कधी नव्हतो, पण स्टीयरिंग गियर, म्हणजे सुकाणू फिरवणारी यंत्रणा, हा विषय हातांनी शिकलो आहे. वॉरस्पाइटबद्दल गेली कित्येक वर्षं मिळेल ते वाचत आलो. तिच्या लढायांवर खूप लिहिलं गेलंय, आणि ते योग्यच आहे, कारण दोन महायुद्धांत मिळून १५ युद्धसन्मान मिळवणारं असं दुसरं एकही जहाज ब्रिटिश नौदलात नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर लढायांत सापडत नाही. ती कितीदा मोडली, कुठल्या गोदीत गेली, तिथे किती दिवस मिळाले आणि काय तसंच राहिलं, हे बघावं लागतं. म्हणून मी त्याच बाजूनं सांगतो.

जहाजाची थोडी ओळख आधी. डेव्हनपोर्टच्या सरकारी गोदीत ३१ ऑक्टोबर १९१२ ला तिचं काम सुरू झालं, २६ नोव्हेंबर १९१३ ला ती पाण्यात उतरली आणि मार्च १९१५ मध्ये ताफ्यात दाखल झाली. क्वीन एलिझाबेथ, वॉरस्पाइट, बारहॅम, व्हॅलियंट आणि मलाया अशा या पाच बहिणी. प्रत्येकीवर १५ इंची आठ तोफा, चार टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या चिलखती बुरुजांत, दोन-दोन. एका गोळ्याचं वजन ८७० किलोच्या आसपास. तोफांचं कौतुक सगळेच करतात, पण माझ्यासारख्याला या जहाजांत सर्वांत धाडसी वाटतं ते त्यांचं इंधन. या पहिल्या ब्रिटिश युद्धनौका ज्यांचे बॉयलर फक्त तेलावर चालायचे. त्याआधी कोळसा होता. कोळशाच्या जहाजावर शेकडो माणसं फावडी घेऊन भट्टीसमोर उभी असत, भट्टी साफ करताना वाफेचा दाब पडे, आणि बंदरात कोळसा भरायचा म्हणजे सगळं जहाज काळं व्हायचं. तेलानं हे सगळं गेलं. फक्त ब्रिटनच्या जमिनीत कोळसा भरपूर होता आणि तेल जवळजवळ नव्हतं. म्हणून १९१४ साली ब्रिटिश सरकारनं अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीतला मोठा वाटाच विकत घेतला. नौदलाच्या बॉयलरनं देशाचं परराष्ट्र धोरण बदलल्याचं हे उदाहरण मी नव्या कॅडेट मुलांना नेहमी सांगायचो.

वॉरस्पाइटमध्ये २४ बॉयलर होते, टर्बाइन थेट प्रोपेलरच्या शाफ्टला जोडलेली, ताकद ७५ हजार अश्वशक्ती आणि वेग साधारण २४ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर). एवढ्या जाड चिलखतासकट हा वेग त्या काळात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

पहिल्याच वर्षी तिचे हाल सुरू झाले. सप्टेंबर १९१५ मध्ये ती स्कॉटलंडच्या फर्थ ऑफ फोर्थमध्ये तळाला लागली आणि दोन महिने दुरुस्तीत गेले. बाहेर येते न येते तोच ३ डिसेंबरला सरावाच्या वेळी सख्ख्या बहिणीला, बारहॅमला, धडकली. पुन्हा गोदी. म्हणजे जटलंडला जाण्याआधीच तिच्या अंगाला दोनदा मोठा हिसका बसला होता. लोक तिच्या दोषाची गोष्ट जटलंडपासून सुरू करतात. माझी सुरुवात इथून होते.

आता ३१ मे १९१६, उत्तर समुद्रातली ब्रिटिश आणि जर्मन ताफ्यांची जटलंडची लढाई. रिअर अॅडमिरल ह्यू इव्हान-थॉमस यांच्या पाचव्या युद्धनौका स्क्वाड्रनमध्ये ती होती आणि हे स्क्वाड्रन अॅडमिरल बीटी यांच्या बॅटलक्रूझरांना, म्हणजे वेगवान पण कमी चिलखताच्या मोठ्या जहाजांना, जोडून दिलेलं होतं. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास दोन्ही मुख्य ताफे एकमेकांसमोर आले. ब्रिटिश जहाजं रांगेत शिरण्यासाठी एका कोपऱ्यात दाटीवाटीनं वळत होती. त्या जागेला पुढे ‘विंडी कॉर्नर’ नाव पडलं. शेजारच्या जहाजाला धडक बसू नये म्हणून वॉरस्पाइटचं सुकाणू झटक्यात फिरवलं गेलं आणि ते तिथेच अडकलं. त्याआधी मागच्या भागात बसलेल्या गोळ्यांच्या धक्क्यानं स्टीयरिंग इंजिनाचा आधार हलला होता, बेअरिंग तापलं होतं. जहाज गोल फिरू लागलं, सगळ्या जर्मन ताफ्याच्या समोर.

इथे थोडं थांबतो, कारण सुकाणू अडकणं म्हणजे काय ते जहाजावर काम न केलेल्या माणसाला पटकन कळत नाही. चाक ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या वरच्या खोलीत, असतं, सुकाणू जहाजाच्या अगदी मागे पाण्याखाली असतं. मधलं सगळं काम यंत्र करतं. त्या काळात हे यंत्र वाफेवर चालायचं आणि तिथून लांब शाफ्टनं जोर मागे जायचा. सुकाण्यावर पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. म्हणजे १२ नॉटला जे गियर लोण्यासारखं फिरतं तेच २४ नॉटला एखाद्या वाकलेल्या आधारामुळे जागेवर चिकटू शकतं. बंदरात तपासणी करताना असा दोष सापडतच नाही. तो फक्त पूर्ण वेगात, आणि तेही सुकाणू जोरात फिरवल्यावर दिसतो. बहुधा नको त्याच क्षणी.

मी सेकंड इंजिनीयर असताना मलाक्काच्या सामुद्रधुनीत रात्री दीडच्या सुमाराला आमच्या मालवाहू जहाजाचं सुकाणू डावीकडे १५ अंशांवर अडकलं होतं. घंटा वाजली आणि आम्ही दोघं मागच्या स्टीयरिंग फ्लॅटकडे पळालो. तिथे पोहोचायला दीड मिनिट लागलं असेल. तेवढ्यात जहाजानं पाव वर्तुळ घेतलं होतं आणि समोरून येणाऱ्या जहाजाचे दिवे आमच्या वाटेत आले होते. कप्तानांनी इंजिन थांबवलं, आम्ही हातानं व्हॉल्व्ह फिरवून सुकाणू मध्यावर आणलं, सगळं सुखरूप झालं. पण ते दीड मिनिट मला आजही आठवतं. आमच्यावर कुणी तोफा डागत नव्हतं, म्हणून इंजिन थांबवणं हा साधा उपाय होता.

वॉरस्पाइटचे कॅप्टन एडवर्ड फिलपॉट्स यांना तो उपाय घेता येत नव्हता. थांबलेलं जहाज म्हणजे पुतळा, कुणीही नेम धरावा. त्यांनी वेग ठेवला आणि जहाजाला गोल फिरू दिलं. एक पूर्ण चक्कर झाली, मग दुसरी. शत्रूला नेम धरणं त्यामुळे थोडं अवघड झालं, तरी गोळे बसतच राहिले. त्या दिवशी एकूण १५ मोठे गोळे तिला लागले आणि १४ माणसं गेली. जवळच ‘वॉरियर’ नावाची क्रूझर मोडकळीला आलेली होती. जर्मनांचा सगळा मारा या फिरणाऱ्या मोठ्या जहाजाकडे वळला आणि वॉरियर निसटली. ती पुढे दुसऱ्या दिवशी बुडाली, पण तिच्यावरचे जिवंत खलाशी तोवर सुखरूप काढले गेले होते. वॉरियरच्या लोकांना वाटलं की वॉरस्पाइटनं मुद्दाम आपल्याला पाठीशी घातलं. जर्मनांनी तर वॉरस्पाइट बुडाल्याचं जाहीरही केलं.

ती बुडाली नाही याचं श्रेय मी चिलखताइतकंच कमांडर हम्फ्री वॉलविन यांना आणि त्यांच्या हाताखालच्या लोकांना देतो. वॉलविन तिचे एक्झिक्युटिव्ह ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचे अधिकारी, होते. लढाई चालू असताना ते खालच्या डेकवर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी धावत होते. कुठे आग, कुठे पाणी, कुठे हवेच्या नळातून आत येणारा धूर. भोकांत जे हाती लागेल ते कोंबून पाणी अडवत होते. त्यांनी लिहून ठेवलेली हकिगत डॅमेज कंट्रोल, म्हणजे जखमी जहाज सावरणं, शिकणाऱ्या प्रत्येकानं वाचावी अशी आहे. आणि हेच वॉलविन पुढे मुंबईला आले. १९२८ ते १९३४ या काळात ते रॉयल इंडियन मरीनचे प्रमुख होते, आणि २ ऑक्टोबर १९३४ ला मुंबईत त्याचं रॉयल इंडियन नेव्हीत रूपांतर झालं तेव्हाही प्रमुख तेच होते. आजच्या भारतीय नौदलाच्या वंशावळीत वॉरस्पाइटच्या खालच्या डेकवर धूर गिळलेला हा माणूस आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

त्याच दिवशी, त्याच जहाजावर वॉल्टर यिओ नावाचे वॉरंट ऑफिसर तोफेजवळ भाजले. दोन्ही डोळ्यांच्या पापण्या गेल्या. १९१७ साली हॅरॉल्ड गिलीज या सर्जननं त्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्याच शरीराची कातडी जिवंत ठेवून सरकवली आणि पापण्या नव्यानं घडवल्या. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या पहिल्या रुग्णांत त्यांचं नाव घेतात. अशा कातडी फिरवण्याच्या विद्येची एक जुनी वाट आपल्या पुण्यातून जाते. १७९३ साली कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचं कापलेलं नाक तिथल्या एका देशी कारागिरानं कपाळाची कातडी वळवून पुन्हा बसवलं. ती हकिगत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि तिथल्या सर्जनांनी ती वाचून प्रयोग सुरू केले. विषयांतर झालं, पण यिओंचा फोटो बघितला की मला ते नाक आठवतंच.

आता तुमचा मुख्य प्रश्न. दुरुस्त का झालं नाही?

जटलंडनंतर रोसाइथला तिची दुरुस्ती झाली. महायुद्ध चालू, ताफ्याला प्रत्येक मोठं जहाज हवं, आणि गोदीत जागेसाठी रांग. अशा वेळी गोदी काय करते हे मी जवळून पाहिलंय. भोकं बुजवली जातात, वाकलेले पत्रे बदलले जातात, यंत्र चालवून दाखवलं जातं आणि जहाज बाहेर. सांगाड्याच्या मूळ रेषा तपासायला आणि सगळं पुन्हा एका ओळीत आणायला जो वेळ लागतो तो युद्धात कुणी देत नाही. त्यात २४ ऑगस्ट १९१६ ला, म्हणजे परत येऊन जेमतेम महिना झाला असताना, ती रात्रीच्या सरावात व्हॅलियंटला धडकली. पुन्हा गोदी. एका वर्षात तळाला लागणं, दोन धडका आणि १५ गोळे. आपल्याकडे मोडलेलं हाड घाईत बसवलं तर ते पावसाळ्यात दुखतं म्हणतात, तसंच हे.

तरी एवढ्यावर सगळं ढकलणं मला पटत नाही, कारण पुढची गोष्ट वेगळी आहे. १९२४ ते १९२६ मध्ये तिचे दोन धुरांडे मिळून एक झालं आणि पाणतीरापासून (टॉर्पेडोपासून) बचावासाठी बाजूंना फुगवटे बसले. आणि मार्च १९३४ ते मार्च १९३७ अशी पूर्ण तीन वर्षं ती पोर्ट्समथला उघडून ठेवलेली होती. खर्च २३ लाख पौंडांच्या वर. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीनं हा तिच्या आयुष्यातला सर्वांत देखणा भाग. २४ जुने बॉयलर काढून त्यांच्या जागी फक्त सहा नवे आले, प्रत्येक बॉयलर स्वतंत्र खोलीत. थेट जोडलेली टर्बाइन गेली आणि गियर लावलेली आली. याचा फायदा असा की टर्बाइनला फार जोरात फिरायला आवडतं आणि प्रोपेलरला सावकाश. थेट जोडणीत दोघांनाही मन मारावं लागतं. मध्ये गियर आलं की दोघं आपापल्या गतीनं चालतात. साधारण २४ नॉटला आधी तासाला ४१ टन तेल लागायचं ते २७ टनांवर आलं. ताकद ८० हजार अश्वशक्ती झाली आणि यंत्रांचं वजन सुमारे दीड हजार टनांनी उतरलं. ते वाचलेलं वजन डेकवरच्या चिलखताला, विमानविरोधी तोफांना आणि विमानांच्या हँगरला मिळालं. मोठ्या तोफा आता ३० अंशांपर्यंत उचलता येऊ लागल्या.

एवढं नवं झालं, आणि तरीही गोदीतून निघाल्यावर चाचण्यांत पुन्हा सुकाण्यानंच त्रास दिला. भूमध्य समुद्रातल्या ताफ्याचं प्रमुख जहाज म्हणून तिला जायचं होतं, ते निघणं त्यामुळे लांबलं. माल्टाला ती पोहोचली जानेवारी १९३८ मध्ये. यावरून मी काढलेला निष्कर्ष असा आहे, आणि हे माझं मत म्हणूनच घ्या. यंत्र नवं होतं पण ज्या हाडांवर ते बसवलं ती १९१२ ची होती. मागचा सांगाडा किंचित जरी पिळलेला असेल तर गोदीत ठोकळ्यांवर सगळं सरळ मोजलं जातं, पण पाण्यात उतरल्यावर, टाक्या भरल्यावर, पूर्ण वेगात शाफ्टनं ढकलल्यावर तो सांगाडा आपल्या जुन्या वळणावर जातो. मग बेअरिंग एका बाजूला घासतं. ते कमी करता येतं, काळजीनं सांभाळता येतं, पण मुळापासून काढायचं तर मागचा भागच नव्यानं बांधावा लागतो. तेवढ्या खर्चात कुणीही नवं जहाज बांधेल.

दुसरीही एक गोष्ट आहे. एखाद्या जहाजाचं नाव एकदा पडलं की प्रत्येक बारीक अडचण त्याच नावावर जमा होते. इतर जहाजांचीही सुकाणू अडकायची, ती विसरली गेली. वॉरस्पाइटची लक्षात राहिली, कारण पहिली वेळ साऱ्या जगासमोर घडली होती. त्यामुळे “आयुष्यभर चिकटलेला दोष” हे वाक्य बरोबर आहे, पण तो रोजचा दोष होता असं समजू नका. तसा असता तर पुढची कामगिरी झालीच नसती.

दुसऱ्या महायुद्धातली ती कामगिरी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर भरपूर वाचायला मिळेल. १३ एप्रिल १९४० ला नॉर्वेत नार्विकजवळच्या अरुंद खाडीत व्हाइस अॅडमिरल व्हिटवर्थ यांनी तिला नऊ विनाशिकांसोबत आत नेलं. दोन्ही बाजूंना डोंगर, खाली खडक, पाणबुड्यांची भीती. सुकाण्याचा असा इतिहास असलेलं ३० हजार टनांचं जहाज तिथे नेणं म्हणजे कप्तान आणि चीफ इंजिनीयर दोघांच्या छातीची परीक्षा. तिच्याच स्वोर्डफिश विमानानं आधी पुढे जाऊन यू-६४ ही पाणबुडी बुडवली, आणि आठ जर्मन विनाशिका त्या दिवशी संपल्या. त्याच वर्षी ९ जुलैला कॅलाब्रियाच्या लढाईत भूमध्य ताफ्याचे प्रमुख अॅडमिरल अँड्र्यू कनिंगहॅम तिच्यावर असताना तिनं इटलीच्या ‘जुलिओ चेझारे’ला सुमारे २४ किलोमीटरवरून गोळा लावला. दोन्ही जहाजं धावती. गोळा अर्ध्या मिनिटाहून जास्त हवेत होता. चालत्या जहाजानं चालत्या जहाजाला लावलेल्या सर्वांत लांबच्या नेमांत तो आजही मोजला जातो. मार्च १९४१ मध्ये केप मॅटापानजवळ रात्री ती, व्हॅलियंट आणि बारहॅम इटालियन क्रूझरांच्या इतक्या जवळ गेल्या की अंतर साडेतीन किलोमीटरच्या आत होतं. फ्यूमे आणि झारा काही मिनिटांत पेटल्या. त्या रात्रीत २,३०० च्या आसपास इटालियन खलाशी मेले. खाली इंजिनरूममध्ये उभ्या असलेल्या माणसांची त्या क्रूझरांवर काय गत झाली असेल याचा विचार मी टाळू शकत नाही.

मग क्रीट. २२ मे १९४१ ला बाँब तिच्या उजव्या बाजूच्या तोफांच्या रांगेवर पडला. माणसं गेली, बाजू फाटली. भूमध्यात एवढी मोठी दुरुस्ती करायची सोय उरली नव्हती. म्हणून ती सुएझमधून निघून कोलंबो, मनिला, पर्ल हार्बर करत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रेमर्टनच्या नौदल गोदीत गेली. ११ ऑगस्ट १९४१ ला पोहोचली. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, पण मित्रदेशांना युद्धसाहित्य पुरवण्याच्या लेंड-लीज कायद्याखाली ब्रिटिश जहाजं तिथे दुरुस्त होत होती. झिजलेल्या मोठ्या तोफा बदलल्या. काम संपत आलं असताना ७ डिसेंबर उजाडला आणि ज्या पर्ल हार्बरवरून ती चार महिन्यांपूर्वी गेली होती त्यावर हल्ला झाला.

१९४२ मध्ये ती अॅडमिरल जेम्स सॉमरव्हिल यांच्या ईस्टर्न फ्लीटचं प्रमुख जहाज होती. एप्रिलमध्ये जपानी विमानवाहू जहाजांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले, डॉर्सेटशर, कॉर्नवॉल आणि हर्मीस बुडाल्या. सॉमरव्हिल यांनी जुनी, संथ जहाजं मोंबासाजवळच्या किलिंडिनीला पाठवली आणि वॉरस्पाइटसह वेगवान गट घेऊन ते मुंबईला आले. म्हणजे त्या एप्रिलमध्ये ही म्हातारी आपल्या बंदरात उभी होती.

‘म्हातारी’ हे मी लाडानं म्हणतो, आणि कनिंगहॅमही म्हणायचे. जुलै १९४३ मध्ये सिसिलीतल्या कातानियावर मारा करायला तिला तातडीनं बोलावलं. वाटेत सुकाण्यानं पुन्हा त्रास दिला. तरी तिनं वेग गाठून वेळ भरून काढली. त्यावर कनिंगहॅम यांनी संदेश पाठवला की म्हातारीनं लुगडं खोचलं की ती पळते यात शंका नाही. मूळ शब्दांत स्कर्ट आहे, पण भाव हाच.

दोन महिन्यांनी, १० सप्टेंबरला, शरण आलेल्या इटालियन ताफ्याला वाट दाखवत तिनं माल्टाकडे नेलं. सहा दिवसांनी सालेर्नो. माझ्या मते हाच तिच्या नोकरीतला सर्वांत कठीण दिवस, जटलंडपेक्षाही. १६ सप्टेंबर १९४३ ला जर्मन विमानांनी तिच्यावर फ्रिट्झ-एक्स हे बाँब सोडले. रेडिओवरून दिशा देता येणारे, जड, चिलखत भेदणारे. एक बाँब धुरांड्याजवळून आत शिरला, सहा डेक फोडत खाली गेला आणि बॉयलर रूममध्ये फुटला. तळही फाटला. दुसरा अगदी शेजारी पडला. सुमारे पाच हजार टन पाणी आत आलं, बॉयलरची आग विझली, वाफ गेली. वाफ गेली म्हणजे सगळंच गेलं. प्रोपेलर नाही, सुकाणू नाही, पंपांना जोर नाही, टरेट फिरवायला शक्ती नाही. नऊ माणसं गेली. तळ फाटलेल्या जहाजाच्या मानानं हा आकडा फार लहान आहे, आणि याचं कारण मला १९३४ च्या त्या नकाशांत दिसतं. प्रत्येक बॉयलर वेगळ्या खोलीत, मध्ये बल्कहेड, म्हणजे पाणी अडवणारी पोलादी भिंत. २४ बॉयलर जुन्या पद्धतीनं मोठ्या खोल्यांत असते तर पाणी किती पसरलं असतं याचा हिशेब कुणीही इंजिनीयर करू शकतो.

तिला ओढून न्यायला अमेरिकन टग आले, होपी आणि मोरेनो हे त्यांतले दोन. चार नॉटनं प्रवास. मेसिनाच्या सामुद्रधुनीत, जिथे प्रवाह नेहमीच जोरदार, दोर तुटले आणि एवढं मोठं जहाज आडवं होऊन वाहत गेलं. पुन्हा दोर बांधले. खाली खलाशी बल्कहेडना लाकडी टेकू लावत उभे. १९ सप्टेंबरला ती माल्टाला लागली.

आणि मग पुन्हा गोदीची तीच गोष्ट. आधी माल्टा आणि जिब्राल्टरला तात्पुरती डागडुजी, मग मार्च १९४४ मध्ये रोसाइथ. फ्रान्सवर उतरायचा दिवस जवळ आलेला. नौदलानं हिशेब केला की पूर्ण दुरुस्तीला वेळ नाही. उडालेली बॉयलर रूम तशीच सोडली. तळाच्या भोकावर काँक्रीटचा मोठा ठोकळा बसवला. चार टरेटपैकी ‘एक्स’ नावाचं एक बंदच राहिलं. आठऐवजी सहा तोफा, तळाशी काँक्रीट, अशा अवस्थेत ६ जून १९४४ च्या पहाटे ती नॉर्मंडीसमोर उभी राहिली आणि व्हिलरव्हिलच्या तोफखान्यावर मारा सुरू केला. किनाऱ्यावर मारा करणाऱ्या जहाजाला वेग फारसा लागत नाही, पुढे पाठलाग करायचा नसतो. नेम लागतो आणि गोळे लागतात. तिच्यात जे शाबूत होतं ते नेमकं या कामाला पुरेसं होतं. हा निर्णय मला फार हुशार वाटतो.

आठवड्याभरात तोफा झिजल्या. नव्या तोफा घ्यायला जाताना १३ जूनला हारिचजवळ तिच्याखाली चुंबकीय पाणसुरुंग फुटला. चारपैकी तीन शाफ्ट फिरत राहिले आणि वेग १५ नॉटच्या थोडा वर. तशीच ती ऑगस्टमध्ये ब्रेस्टला, सप्टेंबरमध्ये ल आव्रला आणि १ नोव्हेंबरला हॉलंडच्या वाल्खरन बेटासमोर गेली. अँटवर्प बंदराची वाट त्या बेटावरच्या तोफांनी अडवली होती. तिथे तिनं शेवटचे गोळे डागले. फेब्रुवारी १९४५ मध्ये तिला राखीव दलात टाकलं.

तिला स्मारक म्हणून जपावं अशी मागणी झाली, पण पैसे नव्हते आणि देशाला पोलाद हवं होतं. लंडनला गेलात तर इम्पीरियल वॉर म्युझियमच्या दारात दोन १५ इंची तोफा दिसतील. त्या तिच्या नाहीत, रॅमिलीज आणि रेझोल्यूशनच्या आहेत, पण जात तीच. हात लावून बघा.

एप्रिल १९४७ मध्ये दोन टग तिला पोर्ट्समथहून स्कॉटलंडमधल्या फास्लेनला भंगारासाठी ओढत निघाले. तोफा काढलेल्या, बॉयलर थंड, वर फक्त आठ माणसं. कॉर्नवॉलजवळ वादळानं दोर तुटले. माउंट्स बेमध्ये नांगर टाकला, तोही घसरला. २३ एप्रिलला ती खडकांवर गेली आणि तिथून सरकत प्रशिया कोव्हला लागली. पेनलीच्या लाइफबोटीचे (बचावनौकेचे) तांडेल एडविन मॅड्रन यांनी त्या लाटांत, खडक आणि जहाजाच्या मधल्या अरुंद पाण्यात आपली होडी घातली आणि आठही जणांना उतरवलं. त्यांना रौप्यपदक मिळालं. वॉरस्पाइटला मात्र तिथून पूर्णपणे हलवता आलं नाही. १९५० मध्ये तिला थोडं तरंगवून सेंट मायकल्स माउंटजवळच्या वाळूवर आणलं आणि पुढची कित्येक वर्षं, भरती-ओहोटीचं गणित सांभाळत, तिथेच तुकडा तुकडा कापून नेली.